दिलेला शब्द

आमच्या वाणिज्य शाखेतील एक मित्र गेल्या नाताळात प्रथमच चर्चमध्ये आला होता. बाहेर पडल्यावर तो म्हणाला, "तुमच्यात सगळा कारभार तोंडीच आहे की रे!" निरीक्षण मार्मिक होते. प्रॉटेस्टंट मंडळींच्या साध्या उपासनेत नैवेद्य नाही, प्रदक्षिणा नाही. एकाने बोलायचे, बाकीच्यांनी ऐकायचे आणि मग सर्वांनी मिळून उत्तर द्यायचे. कॅथलिकांच्या देवळात मेणबत्त्या, धूप, मिरवणूक हे सारे असते, पण तेथेही महत्त्वाची प्रत्येक कृती कोणत्या ना कोणत्या उच्चारलेल्या वाक्यानेच पुरी होते. घरी जेवायला बसताना, मूल परीक्षेला निघताना, कोणी आजारी पडल्यावर, कोणी वारल्यावर, प्रत्येक प्रसंगी काही शब्द मोठ्याने बोलले जातात. या शब्दांत सामर्थ्य असते असे ख्रिस्ती माणूस म्हणतो तेव्हा त्याला नेमके काय म्हणायचे असते, ते प्रस्तुत लेखात सांगण्याचा प्रयत्न आहे. प्रश्न केवळ माहितीचा नाही. या सामर्थ्याचा भलताच अर्थ लावल्यामुळे आजारपणात जिवावर बेतण्याची वेळ आलेली मी पाहिली आहे. त्याकडे पुढे येईनच.

शब्दाला सामर्थ्य असते ही कल्पना आपल्या भागात कोणालाच परकी नाही. मराठीत आपण शब्द देतो, पाळतो, टाकतो, फिरवतो, आणि वडीलधाऱ्यांचा शब्द खाली पडू देत नाही. जणू शब्द म्हणजे हातात धरता येण्याजोगी वस्तूच. तुकोबांनी शब्दांना आपल्या घरचे धन मानले आणि शस्त्रही मानले. कन्नडमध्ये 'मातु आडिदरे होयितु, मुत्तु ओडेदरे होयितु' अशी म्हण आहे. बोललेला शब्द आणि फुटलेला मोती, दोन्ही गेले ते गेलेच. तेव्हा ख्रिस्ती लोकांनी काही जगावेगळे शोधून काढले आहे असे मला मुळीच सुचवायचे नाही. मात्र त्यांच्या विचाराला एक विशिष्ट वळण आहे.

बायबलचा जुना करार ज्या हिब्रू भाषेत आहे, तीत 'दाबार' असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ 'शब्द' असाही होतो आणि 'गोष्ट' किंवा 'घडलेली घटना' असाही होतो. बोलणे आणि घडणे यांच्यामध्ये त्या भाषेने भिंतच घातली नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव हातांनी काही घडवण्याआधी बोलतो, आणि प्रकाश होतो. पुढे नव्या करारात योहानाने तर ख्रिस्तालाच जे नाव दिले, त्याचे भाषांतर मराठी बायबलात 'शब्द' असे आहे आणि कन्नड बायबलात 'वाक्य' असे आहे. दोन्ही भाषा जाणणाऱ्या माणसाला यात थोडी गंमत वाटते. मराठीने एक शब्द घेऊन काम भागवले, कन्नडने पूर्ण वाक्य घेतले! असो. त्याच उत्पत्तीत आंधळ्या इसहाकाची कथा आहे. थोरल्या एसावाला द्यायचा आशीर्वाद धाकट्या याकोबाने वेष पालटून मिळवला. फसवणूक उघडकीला आली, एसाव धाय मोकलून रडला, तरीही म्हाताऱ्याला दिलेला आशीर्वाद परत घेता आला नाही. वरवर पाहता ही जादू वाटेल. पण मला त्या कथेचा रोख निराळा दिसतो: शब्दाने याकोबाला जेवढे दिले, तेवढेच इसहाकाला बांधून ठेवले. शब्दाचे खरे सामर्थ्य बोलणाऱ्यावर चालते, हे एकदा ध्यानात घेतले की ख्रिस्ती जीवनातील पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

विवाहाचेच उदाहरण पाहा. हिंदू विवाह कायदा, १९५५ यात असे म्हटले आहे की, जेथे सप्तपदी हा विधीचा भाग असेल तेथे सातवे पाऊल टाकले की विवाह पूर्ण व बंधनकारक होतो. म्हणजे निर्णायक क्षण पावलाचा आहे. ख्रिस्ती विवाहात तो क्षण वाक्याचा आहे. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा आहे. त्याच्या कलम ६० मध्ये परवानाधारक व्यक्ती आणि दोन विश्वसनीय साक्षीदार यांच्यासमोर वधूवरांनी एकमेकांना काय म्हणायचे, ते शब्दच घालून दिलेले आहेत. हजर असलेल्यांना साक्षी ठेवायचे, सर्वसमर्थ देवासमक्ष व ख्रिस्ताच्या नावाने समोरच्याचा स्वीकार करीत असल्याचे सांगायचे. हेच शब्द किंवा त्याच आशयाचे शब्द चालतील असेही कायदा म्हणतो. कॅथलिक शिकवण तर याहून पुढे जाते. लग्न फादर लावतात असे आपण म्हणतो खरे, परंतु लॅटिन परंपरेतील चर्चच्या मते हा संस्कार वधूवरच एकमेकांना देत असतात, फादर हे चर्चच्या वतीने साक्षीला उभे असतात. दोघांचा होकार हेच लग्न. मग ज्याला बोलता येत नाही त्याचे काय? त्याने खुणेने होकार द्यावा, असे चर्चचा कायदा स्पष्ट सांगतो. म्हणजे महत्त्व गळ्यातून निघणाऱ्या ध्वनीला नाही, स्वतःला बांधून घेण्याला आहे.

आम्हा वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना १८७२ हे साल पाठ असते, कारण भारतीय करार कायदाही त्याच वर्षाचा. काही अपवाद सोडले तर करार लेखीच असला पाहिजे अशी त्याची अट नाही, तोंडी करारही करारच. पण त्याच कायद्याच्या कलम २५ प्रमाणे, पुन्हा अपवाद वगळता, मोबदल्याशिवाय केलेला करार रद्दबातल ठरतो. आता लग्नातील वचने या कसोटीवर घासून पाहावीत. जोडीदार आजारी पडला, गरिबी आली, तरी मी सोडणार नाही असे तेथे म्हणायचे असते. मोबदला काय? काहीच नाही. समोरच्याने आपली बाजू पाळली तरच मी माझी पाळीन, असे एकही उपकलम त्यात नाही. आमच्या पुस्तकाप्रमाणे असा करार टिकू नये. चर्चमध्ये तो टिकेल असे धरूनच दोघांना वेदीपुढे उभे करतात.

शब्दांच्या बाबतीत चर्च किती काटेकोर असते याचा एक नमुना अलीकडेच जगाने पाहिला. अमेरिकेतील फिनिक्स येथील एक कॅथलिक धर्मगुरू बाप्तिस्मा देताना वर्षानुवर्षे 'मी' ऐवजी 'आम्ही' असे म्हणत होते. पाणी तेच, बाकी सूत्र तेच, सर्वनाम तेवढे निराळे. ऑगस्ट २०२० मध्ये व्हॅटिकनने असा बाप्तिस्मा ग्राह्य नसल्याचे जाहीर केले होते. त्यामुळे २०२२ च्या आरंभी हजारो लोकांना आपला बाप्तिस्मा झालेलाच नाही असे कळले. पुष्कळांना हा शब्दच्छल वाटला. चर्चचे म्हणणे असे की, बाप्तिस्मा देणारा खरा ख्रिस्त आहे, तो माणसाच्या मुखाने 'मी' म्हणतो. जमलेल्या मंडळींनी आपल्या नावावर ते खपवू नये. याच सूत्राची दुसरी बाजूही सांगायला हवी. मरणाच्या दारातल्या अर्भकाला बाप्तिस्मा देण्यासाठी फादर मिळत नसतील, तर तेथील नर्स, आजी, कोणीही तो देऊ शकते. ती व्यक्ती स्वतः ख्रिस्ती नसली तरी चालते. चर्चला जे अभिप्रेत आहे तेच करण्याची इच्छा, थोडे पाणी आणि ते वाक्य, एवढे पुरते. धनादेशावर आकडी रक्कम एक आणि अक्षरी रक्कम दुसरीच असेल तर १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १८ प्रमाणे अक्षरी रक्कम खरी धरतात. शब्दावर एवढा भरवसा ठेवणारे चर्च एकटे नाही, एवढेच येथे सांगायचे.

प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी येणारा 'आमेन' हाही मूळचा हिब्रू शब्द. त्याच्या धातूचा अर्थ 'पक्के असणे, भरवसा ठेवण्याजोगे असणे' असा आहे, आणि विश्वास या अर्थाचा हिब्रू शब्दही त्याच धातूपासून आला आहे. यहुदी सभास्थानांतून तो ख्रिस्ती उपासनेत आला, आणि इ. स. १५० च्या सुमारास जस्टिन नावाच्या लेखकाने रोममधील उपासनेचे वर्णन केले तेव्हाही लोक मोठ्याने आमेन म्हणत होते. पुष्कळजण त्याला 'तथास्तु' म्हणतात. अर्थ जवळचा आहे, पण 'तथास्तु' देणारा म्हणतो आणि आमेन मागणाराही म्हणतो. दुसऱ्याने केलेल्या प्रार्थनेवर मी आमेन म्हणालो म्हणजे तिच्याखाली माझी सही झाली. उपाशी शेजाऱ्याला अन्न मिळो या प्रार्थनेवर आमेन म्हणून घरी डबा झाकून बसणाऱ्याला याकोबाच्या पत्राने चांगलेच फैलावर घेतले आहे.

आता शपथेकडे वळू. आपल्याकडे शपथांना तोटा नाही. 'आईशप्पथ', 'देवाशप्पथ', 'गळ्याशप्पथ'. कन्नडमध्ये 'देवराणे', 'तायाणे'. येशूच्या काळी पॅलेस्टाइनातही असेच होते. स्वर्गाची शपथ, यरुशलेमची शपथ, स्वतःच्या डोक्याची शपथ, आणि त्यातही कोणती जास्त बंधनकारक यावर वाद. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशूने हा सगळा बाजार मोडीत काढला. शपथ मुळीच वाहू नये. आपल्या होकाराचा अर्थ होकार आणि नकाराचा अर्थ नकार एवढाच असावा. कारण उघड आहे. शपथेवर सांगितलेले खरे असते असे मानले, तर शपथेवाचून सांगितलेले कमी खरे असण्याची मुभा आपोआप मिळते.

बहुतेक चर्चांनी न्यायालयातील शपथेला हरकत घेतली नाही. पण सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स (१६२४–१६९१) याच्या अनुयायांनी येशूचे हे बोलणे शब्दशः घेतले. लोक त्यांना क्वेकर म्हणत. राजनिष्ठेची शपथही ते घेईनात. १६६२ साली त्यांच्याविरुद्ध खास कायदा झाला, हजारो तुरुंगात गेले. अखेर १६९६ मध्ये इंग्रज पार्लमेंटने त्यांना शपथेऐवजी गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करण्याची सवलत दिली. आपल्या देशातही १९६९ च्या शपथ कायद्यानुसार साक्षीदाराला असे करता येते, आणि राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्र्यांसाठीही ईश्वरसाक्ष शपथ व प्रतिज्ञा असे दोन्ही पर्याय आहेत.

क्वेकरांची गोष्ट न्यायालयापाशी थांबत नाही. मला ती आवडते ती त्यांच्या दुकानांमुळे. त्या काळी इंग्लंडातही घासाघीस करूनच माल विकत. खडे बाजारात आजही शंभर सांगून साठला देणारे भेटतात, आणि आपल्याला त्यात काही वावगे वाटत नाही. उलट साठला मिळाले म्हणून आपण खूश होतो. क्वेकरांनी हिशेब असा मांडला की, जो भाव मी घेणार नाही तो तोंडाने सांगणे हे खोटे बोलणे झाले. म्हणून ते एकच भाव सांगत आणि त्याच भावाने देत. फॉक्सने आपल्या रोजनिशीवजा आत्मवृत्तात नोंदवले आहे की, आरंभी त्यांची गिऱ्हाइके तुटली, पण पुढे लोकांच्या ध्यानात आले की या दुकानात लहान मुलाला पाठवले तरी फसगत होत नाही, आणि मग गर्दी होऊ लागली. शपथ नाकारल्यामुळे विद्यापीठे व सरकारी जागा त्यांना बंदच होत्या, त्यामुळे ही मंडळी व्यापारात शिरली. बर्कलेज बँकेचे मूळ लंडनमध्ये १६९० साली जॉन फ्रीम या क्वेकर सराफाने सुरू केलेल्या पेढीत आहे. लॉइड्स बँकेच्या संस्थापकांपैकी सॅम्पसन लॉइड क्वेकर होते. १८२४ मध्ये बर्मिंगहॅम येथे दुकान घालून चहा, कॉफी आणि पिण्याचा कोको विकणारे जॉन कॅडबरीही क्वेकरच. या बँका आज क्वेकरांच्या राहिलेल्या नाहीत, आणि कॅडबरी कंपनी २०१० मध्ये क्राफ्टने विकत घेतली. (क्वेकर ओट्सचा मात्र या पंथाशी काडीचा संबंध नाही. नाव विश्वासार्ह वाटले म्हणून कंपनीने ते उचलले. दुसऱ्याच्या शब्दाची पत वापरण्याचा हा प्रकार बिनमोबदल्याचा खरा!)

बोलण्यातील प्रामाणिकपणाचा त्यांचा हट्ट सर्वनामापर्यंत गेला होता. इंग्रजीत त्या वेळी 'तू' आणि 'आपण' असा भेद होता. क्वेकर सरदारालाही 'तू' म्हणत, कारण एका माणसाला अनेकवचन लावणे हे त्यांच्या मते खोटे. हे आपल्याकडे कोणी करू नये. मराठीतील 'तुम्ही' आणि कन्नडमधील 'नीवु' यांत खोटेपणा नसून आदर आहे. परंतु सरांना 'आपण' म्हणणारे आम्ही देवाला दोन्ही भाषांत एकेरीनेच हाक मारतो, तेही थोडे आठवावे.

मात्र या विचाराला दुसऱ्या टोकाला नेणारी शिकवण गेल्या शतकात अमेरिकेत निघाली. ई. डब्ल्यू. केनियन (१८६७–१९४८) आणि त्यांच्यानंतर केनेथ हेगिन (१९१७–२००३) हे तिचे प्रमुख प्रवर्तक. विश्वासाने जे तोंडाने बोलाल ते घडते, आणि वाईट बोलाल तर तेही घडते, असा तिचा मथितार्थ. डोंगराला उठून समुद्रात पड असे सांगण्याबद्दलचे मार्कमधील येशूचे बोलणे तिचा आधार. ही शिकवण आपल्याकडेही पुस्तिका, कॅसेटी आणि आता मोबाइलवरील व्हिडिओ यांतून पोचली आहे. तिच्यात चांगले काहीच नाही असे मी म्हणणार नाही. सतत 'माझे नशीबच फुटके' म्हणणाऱ्या माणसाला बोलणे बदलायला लावले तर त्याच्या मनाला उभारी येते, हे कोणीही मान्य करील. पण आमच्या ओळखीच्या एका घरी काय झाले ते सांगतो. मधुमेह असलेल्या एका बाईंना एका प्रार्थनागटाने सांगितले की, आजाराचे नाव घेऊ नका, 'मी बरी झाले आहे' असेच म्हणत राहा. त्या म्हणत राहिल्या. पायाला जखम झाली तरी ती कोणाला सांगणे म्हणजे अविश्वास, म्हणून सांगितली नाही. दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला आणि पायाचे बोट काढावे लागले. त्यानंतर त्याच गटातील काहींनी कुजबुज केली की, बाईंचा विश्वासच कमी पडला. जखमेपेक्षा हे बोलणे त्यांना जास्त लागले.

माझ्या मते येथे शब्दाची दिशाच उलटली आहे. बांधून घ्यायचे ते स्वतःला. ते सोडून हा शब्द आजाराला, पैशाला आणि देवालाही बांधू पाहतो. बायबलात प्रार्थना आहे, हुकूमनामा नाही. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलावून घ्यावे असे आहे. म्हणजे आधी मी आजारी आहे असे सांगायचे, मग त्यांनी तेल लावून प्रार्थना करायची. औषधाला त्यात मनाई कोठेच नाही. नव्या करारात लूकचा उल्लेख लाडका वैद्य म्हणून येतो. आपल्या शेजारच्या मिरजेत १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी रुग्णालय उघडले ते प्रार्थनेवर विश्वास नव्हता म्हणून नव्हे.

आणि वाईट बोलू नये म्हणावे, तर स्तोत्रसंहितेचे काय करायचे? तिच्यात दीडशे स्तोत्रे आहेत. चर्चमध्ये आणि घरोघरी ती आजही मोठ्याने म्हटली जातात. त्यांतील कितीतरी तक्रारीची आहेत. देवा, तू झोपलास का, किती दिवस तोंड लपवणार, असा त्यांचा सूर. बहुतेकांचा शेवट धीराने होतो. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राचा तोही होत नाही. ते अंधारातच संपते, आणि संकलन करणाऱ्यांनी त्याला आशेची एक ओळही जोडली नाही. आजाऱ्याच्या उशाशी वाचायला जी माणसे जातात त्यांनी हे स्तोत्र टाळू नये असे मला वाटते. दुखणाऱ्या माणसाला आपले दुखणे त्यात देवासमोर बोललेले ऐकू येते.

येशू जी बोली बोलत असे ती आरामी. शुभवर्तमाने मात्र ग्रीक भाषेत लिहिली गेली, त्यामुळे त्याचे बहुतेक बोलणे आपल्याला भाषांतरातूनच मिळते. मूळ आरामी शब्द फार थोड्या ठिकाणी उरले आहेत. त्यांतले एक वाक्य त्याने क्रूसावरून मोठ्याने उच्चारलेले, बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभीचे: माझ्या देवा, तू मला का टाकलेस, या अर्थाचे. ऐकणाऱ्यांना तो उच्चार इतका स्पष्ट आठवत राहिला की लिहिणाऱ्याने तो ग्रीक अक्षरांत जसाच्या तसा उतरवून घेतला आणि अर्थ त्याच्यापुढे दिला. आपल्याकडील मराठी आणि कन्नड, दोन्ही बायबलांत तो आजही तसाच छापलेला असतो: आधी आरामी शब्द आपापल्या लिपीत, मग अर्थ.